‘त्यांनाच विचारा’ म्हणणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्राचा कच्चा मसुदा मी डाव्या हाताने चार बैठकांत लिहिला. उजवा हात अजून पेन धरतो, पण चालवत नाही.

वयाच्या ३४ व्या वर्षी सातपूरच्या घरी दाढी करताना हातातून वस्तरा गळाला आणि बायकोला हाक मारायला गेलो, तर शब्दाऐवजी नुसताच आवाज निघाला. जवळच्या एका दवाखान्यात “एवढ्या तरुण माणसाला कसला अर्धांगवायू, जागरण झालं असेल” असे म्हणून सलाईन लावले, आणि सीटी स्कॅन होईपर्यंत दुपार उलटली. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, हे आम्हाला नंतर कळले. त्याची तक्रार आता मी करत नाही. खरे सांगायचे तर कधी कधी करतोही.

फिजिओथेरपीसाठी बाकावर बसलेले सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे असत. तिथे तुम्ही शेजारी येऊन बसलात, साडीचा काठ किंचित उचलून डाव्या पायातला पट्टा दाखवलात आणि म्हणालात, “बारशाच्या आदल्या दिवशी. मेंदूच्या शिरेत गुठळी. तेव्हा मी २७ वर्षांची होते.” त्या दिवशी घरी जाताना मी पहिल्यांदा रिक्षातून बाहेर पाहिले.

मला पाणी हवे असताना तोंडून ‘पंखा’ येई, पण सोमवार ते रविवार मात्र घडाघडा म्हणता येत. त्यामुळे माझी समजच गेली, असे घरच्यांनी धरले होते. याला वाचाघात म्हणतात, यात शब्द अडतात, बुद्धी नाही, हे माझ्या थोरल्या भावाला तुम्ही तीनदा समजावलेत, आणि तिसऱ्यांदाही आवाज चढवला नाहीत.

कार्यालयातून राजीनाम्याची भाषा सुरू झाली, तेव्हा सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवण्यासाठी तुम्ही दोन खेपा सोबत केल्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते आणि तसे पद रिकामे नसेल तर अधिसंख्य पदावर, म्हणजे मंजूर पदांखेरीज जास्तीच्या पदावर, ठेवावे लागते, हे तुम्ही छापील कागदच पुढे ठेवून दाखवलेत. साहेबांनी माझ्या बायकोकडे पाहून “यांना समजतं का?” असे विचारले. “त्यांनाच विचारा,” एवढेच म्हणून तुम्ही गप्प बसलात. “मला... काम...” इथे मी अडलो, साहेब वाक्य पुरे करायला निघाले आणि तुम्ही नुसता हात वर केलात. “पाहिजे” हा शब्द यायला किती वेळ लागला कोण जाणे, पण तो माझ्याच तोंडून आला.

आज मी आवक-जावक विभागात त्याच वेतनावर काम करतो आहे.

येत्या बुधवारी ज्या मुलाला घेऊन तुम्ही सिव्हिलला जाणार आहात, त्याच्यासाठी रांगेत मी उभा राहीन. फाइल डाव्या हातात नीट धरता येते.

आपला ऋणी,
सातपूरचा एक कारकून