भिंतीवरचे कलाकार आणि टेबलावरचे विक्रेते

मा. संपादक, स.न.वि.वि.

मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका हॉलमध्ये स्थानिक कलाकारांचं तीन दिवसांचं प्रदर्शन झालं, त्यात मी वाकळी, म्हणजे जुन्या साड्यांच्या गोधड्या, घेऊन बसले होते. प्रदर्शन चांगलंच झालं हे आधी सांगते, नाहीतर लोक म्हणतील हिला फक्त रडायचंच असतं. आयोजक मंडळी पदरचे पैसे घालून राबतात, त्यात चाकरमानी आलेले, त्यामुळे गर्दीही बरी होती. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसलीय ती काही जात नाही, म्हणून लिहितेय.

फॉर्म भरताना दोन रेट होते. चित्र लावायला भिंत हवी तर 300 रुपये आणि टेबल हवं तर 1000. मी विचारलं असं का, तर उत्तर आलं, "ताई, भिंतीवर कलाकार असतात, टेबलावर विक्री असते." आता गंमत बघा, भिंतीवरच्या प्रत्येक चित्राची किंमत आयोजकांच्या फाईलमध्ये टाईप करून ठेवलेली, कोणी विचारलं की फाईल उघडायची. म्हणजे विक्री दोन्हीकडे होती, फक्त त्यांची फाईलमध्ये आणि आमची उघड्यावर.

वर चित्राखाली चित्रकाराचं नाव, गाव, माध्यम असं छान कार्ड, आणि आमच्या टेबलांवर काय तर "स्टॉल क्र. 7". माझ्या शेजारी स्टॉल 6 वर सावंतवाडीच्या चितार आळीतले एक काका होते, वय सत्तरच्या पुढे, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं घेऊन आलेले. आंबा, सीताफळ, केळी, लांबून बघितलं तर हात पुढे जाईल अशी. पांगारा हलका असतो आणि कोरायला मऊ, म्हणून सावंतवाडीच्या खेळण्यांना तोच लागतो, आणि आता तसा पांगारा मिळायचीच मारामार झालीय असं काका सांगत होते. लोक यायचे, फळ उचलायचे, "वजन काहीच नाही हो" म्हणायचे आणि परत ठेवायचे. तीन दिवसांत काकांचं नाव एकानेही विचारलं नाही, कारण नाव विचारायचं असतं हे सुचवणारं तिथे काही नव्हतंच.

पलीकडे गंजिफा करणारी एक मुलगी होती. तिला दोन वेळा लोकांनी विचारलं, "हे टी कोस्टर आहेत का?" बिचारी हसून सांगायची की नाही काका, हे पत्ते आहेत, ही दशावतारी गंजिफा, 10 अवतारांचे 10 रंग आणि प्रत्येक रंगात 12 पत्ते, राजा, प्रधान आणि एकपासून दहापर्यंत, असे एकूण 120. एकशे वीस गोल पत्ते हाताने रंगवायचे, एकाचा मत्स्य दुसऱ्यापेक्षा जाड झाला तरी डाव दिसायला बिघडतो. एकेकाळी ही कला संपायलाच आली होती, सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी लक्ष घालून ती जगवली, दरबार हॉलमध्ये कारागीर बसून रंगवताना आम्ही शाळेच्या सहलीत बघितलेत. आता तर गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना जीआय टॅगपण मिळालाय, म्हणजे ही वस्तू मूळ इथलीच असा सरकारी शिक्का. आणि आमच्याकडे त्याला कोस्टर म्हणतात!

गंमत म्हणजे पिंगुळीची चित्रकथी मात्र भिंतीवर होती. चित्र आहे ना, मग भिंत, असा हिशोब. काचेची फ्रेम करून टांगलेली. अहो पण चित्रकथी कधी भिंतीवर टांगायची गोष्ट होती का? ठाकर आदिवासी समाजातली मंडळी एकेक चित्र लोकांसमोर धरून गाणं म्हणत कथा सांगायची, पुढचं चित्र कोणतं याची पोरांना उत्सुकता असायची. परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या गोठ्याचं म्युझियम केलं, 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली, तिथे जाऊन बघा, चित्र आणि आवाज वेगळे करताच येत नाहीत. तर जे हातात धरायचं ते भिंतीवर गेलं म्हणून कला झालं आणि जे हातात घेऊन खेळायचं ते टेबलावर राहिलं म्हणून माल झालं, हे कुठलं माप म्हणायचं?

माझ्या वाकळीचं सांगते. जुन्या सुती साड्या, त्यातही नऊवारी मिळाली तर सोनं, जमिनीवर थर लावायचे, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पाटा ठेवायचा आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत जायचं. दुपारची कामं आटपून बसते तर एक वाकळ दोन अडीच महिने खाते. किंमत 2800 लावली होती. एक बाई गाडीतून उतरल्या, वाकळ गालाला लावून बघितली, फोटो काढला आणि म्हणाल्या 800 ला द्या. मी नाही म्हटलं तर, "जुन्याच साड्या ना शेवटी." त्याच बाईंनी भिंतीवरचं एक चित्र 6000 ला घेतलं, एक रुपया कमी करायला सांगितलं नाही. चित्र छानच होतं, चित्रकार पण भला माणूस, दुपारी मला सावली मिळावी म्हणून स्वतःचा बोर्ड सरकवून दिला त्याने. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसून पाय सुजले म्हणून मी सरळ खाली चटई टाकली आणि अर्धी राहिलेली वाकळ पसरून शिवायला घेतली. तर काय सांगू, अर्ध्या तासात पंधरा वीस बायका भोवती. एक आजी म्हणाल्या, "माझ्या आवशीन असली धा शिवल्यान," म्हणजे माझ्या आईने असल्या दहा शिवल्या, आणि माझ्या हातातली सुई घेऊन मलाच टाका जरा लहान घाल म्हणून दाखवलं. दोन पोरांनी रील काढलं, एका छोट्या मुलीने चार टाके घातले, वाकडे, ते मी तसेच ठेवलेत. विकली गेली एकच, पण त्या दिवशी 800 ला द्या असं कोणी म्हटलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की रेट सगळ्यांना एक ठेवा, आणि तेही जमत नसेल तर निदान कार्ड तरी द्या. नाव, गाव, कशाचं केलंय, किती दिवस लागले. आणि हॉलमध्ये एक कोपरा रिकामा ठेवा, तिथे रोज दोघांनी बसून काम करायचं, काकांनी फळ रंगवावं, त्या मुलीने पत्ता रंगवावा, चित्रकथीवाल्याने फ्रेमबाहेर काढून एक कथा म्हणावी.

दिवाळीत परत प्रदर्शन आहे असं ऐकलंय. फॉर्म निघायच्या आत हे छापलंत तर बरं होईल. टेबल मी घरचं आणीन, नावासाठी पुठ्ठापण.

आपली,
स्टॉल क्र. 7, ता. कुडाळ