चि. सुहास यास पत्र : सापेक्षतेच्या वर्गाची सुरुवात

दांडिया बाजार, बडोदे

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

गणिताच्या एम.एस्सी.च्या वर्गाला सामान्य सापेक्षता, म्हणजे आइनस्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, शिकवण्याचे काम तुझ्याकडे आले, याचा आनंद झाला. मात्र मुलांना पदार्थविज्ञान फारसे येत नाही म्हणून पहिले कित्येक तास लिफ्ट, आगगाड्या आणि घड्याळे यांत घालवण्याचा तुझा बेत मला पटला नाही. मॅनिफोल्ड (वक्र अवकाश), मेट्रिक (त्यातले अंतर मोजण्याचा नियम) आणि कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह (त्यावरचे विकलन) एवढी शिदोरी त्यांच्याजवळ आहे. तिच्याच जोरावर आरंभ कर. फक्त भूमिती कुठे संपते आणि निसर्गाविषयीचे गृहीतक कुठे सुरू होते, ही सीमा दर वेळी फळ्यावर स्पष्ट दाखव.

गाऊस (१८२७), रीमान (१८५४), रिची, लेव्ही-चिविता आणि आइनस्टाइनला या साहित्यापर्यंत नेणारा त्याचा वर्गमित्र ग्रोसमान, हा इतिहास अर्ध्या तासात उरकावा. त्याहून जास्त वेळ मेट्रिकच्या धन-ऋण चिन्हाला दे. मेट्रिक धन-निश्चित नसले की रीमानच्या भूमितीतल्या सवयी दगा देतात: संहत मॅनिफोल्ड जिओडेसिकच्या (वक्र अवकाशातल्या सरळात सरळ रेषेच्या) दृष्टीने पूर्ण असेलच असे नाही, कालसदृश (प्रकाशाहून हळू जाणाऱ्या कणाचा) जिओडेसिक जवळच्या दोन घटनांमधला लघुतम नव्हे तर दीर्घतम मार्ग असतो, आणि द्विमितीय गोलावर असे मेट्रिक ठेवताच येत नाही, कारण त्याची ऑयलर संख्या शून्य नाही. गणिताचे विद्यार्थी इथे कान टवकारतात.

आता मुख्य गोष्ट. मुक्तपणे पडणारा कण जिओडेसिकवरून जातो, हे पहिले गृहीतक. ते सिद्ध करण्याचा आव आणू नये. पण एकच कण पाहून वक्रता कळत नाही. शेजारून पडणाऱ्या दोन कणांचे परस्परांसापेक्ष त्वरण मोजले, की वक्रतेची सगळी माहिती देणारा रीमान टेन्सर हाती येतो. म्हणून परस्परांसापेक्ष स्थिर असलेल्या धूलिकणांचा एक लहानसा गोल पृथ्वीपासून उंचावर सोडून द्यायला सांग. तो उभ्या दिशेने ताणला जातो आणि दोन्ही आडव्या दिशांनी आकसतो. न्यूटनच्या हिशेबाने ताण प्रत्येक आडव्या आकुंचनाच्या दुप्पट असतो, त्यामुळे बेरीज शून्य होते आणि आरंभी घनफळाचे दुसरे विकलज शून्यच राहते. रिची टेन्सर, म्हणजे रीमान टेन्सरमधला ही बेरीज सांगणारा भाग, शून्य म्हणजे नेमके हे. तोच गोल द्रव्यात असता, तर घनता अधिक तिप्पट दाब या राशीच्या प्रमाणात त्याचे घनफळ आकसू लागले असते. रबराच्या ताणलेल्या चादरीचे चित्र मला कधीच आवडले नाही, कारण त्यात हा हिशेब कुठेच दिसत नाही.

यानंतर विद्यार्थी आपणहून विचारतील की रिची टेन्सर थेट द्रव्याच्या टेन्सरशी (ऊर्जा, संवेग आणि दाब यांच्या कोष्टकाशी) का जोडू नये. आइनस्टाइनने ११ नोव्हेंबर १९१५ रोजी तेच केले होते. पण बियांकी नित्यसमानतेमुळे (वक्रतेच्या विकलजांमधल्या कायम खऱ्या संबंधामुळे) रिचीचा डायव्हर्जन्स अदिश वक्रतेच्या ग्रेडियंटच्या निम्मा येतो, आणि ऊर्जा व संवेग टिकायचे तर द्रव्याच्या टेन्सरचा ट्रेस (कर्णावरच्या घटकांची बेरीज) सर्वत्र स्थिर मानावा लागतो. अदिश वक्रता आणि मेट्रिक यांच्या गुणाकाराचा निम्मा भाग वजा केला की अडचण मिटते. २५ नोव्हेंबरच्या समीकरणात ती दुरुस्ती आहे. भूमितीचा अधिकार इथवरच. आठ पाय (८π) गुणिले गुरुत्वस्थिरांक हा गुणक न्यूटनशी मेळ घातल्यावरच मिळतो.

गोल ताऱ्याबाहेरच्या अवकाशासाठी श्वार्त्सशिल्डचे १९१६ चे उत्तर आणि बुधाच्या कक्षेचे शतकाला जादा ४३ विकला सरकणे, हे ओघाने येईलच. पण बडोद्यात वाढलेल्या मुलाने गुजरातचे गणिती प्र. चु. वैद्य यांना वगळून हा विषय शिकवलेला मला चालणार नाही. विष्णु वासुदेव नारळीकरांच्या हाताखाली बनारसला काम करताना त्यांनी १९४३ मध्ये प्रारण (प्रकाशरूपी ऊर्जा) बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याचे मेट्रिक मांडले. विद्यार्थ्यांना एवढेच करायला दे: श्वार्त्सशिल्डचे मेट्रिक बाहेर जाणाऱ्या प्रकाशाच्या निर्देशकांत लिहावे, वस्तुमान स्थिर न ठेवता त्या काल-निर्देशकाचे फल धरावे आणि रिची टेन्सर काढावा. एकच घटक उरतो, आणि ऊर्जा धन हवी असेल तर वस्तुमान घटलेच पाहिजे, हे त्यांचे त्यांनाच दिसेल. उत्तर आधी सांगू नकोस.

तुझी,
आई