पुढचे पुस्तक कोणते

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मध्येच ठेवलास आणि रात्री उशिरा, काही झालेच नाही अशा थाटात, "आता पुढे काय वाचू?" एवढाच निरोप पाठवलास. त्या चार शब्दांनी माझा निम्मा राग गेला. उरलेला या पत्रात कुठेतरी डोकावेल. तो मनावर घेऊ नकोस.

पहिल्या महायुद्धावरचे जे जाड पुस्तक तू इथे विसरून गेलास, ते काल मी चाळले. साडेतीनशे पानांवर तुझ्या पेन्सिलीच्या रेघा आहेत आणि समासात जागोजागी 'बरोबर!' असे लिहिले आहे. एका ठिकाणी तर दोनदा. शेवटची टिपांची पाने मात्र कोरी करकरीत आहेत, आणि प्रश्नचिन्ह साऱ्या पुस्तकात एकही नाही. मामाशी तू ज्या आवाजात बोललास, तो कुठून आला ते मला तेव्हा उमगले.

एकाच लेखकाचा होऊन बसू नकोस, एवढेच माझे सांगणे आहे. ते एकदाच सांगून पुस्तकांकडे वळते.

युद्धाला एकटा जर्मनी जबाबदार, असे तू मामाला ठासून सांगितलेस. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातील कलम २३१ ने जर्मनी व त्याच्या मित्रराष्ट्रांवर ठपका ठेवला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. तो ठपका पुसण्यासाठी जर्मनीने १९२२ ते १९२७ या काळात आपल्या परराष्ट्र खात्यातील कागदपत्रांचे ४० खंड छापले. कागद अस्सल होते, पण त्यांतले कोणते छापायचे हे आरोपीनेच ठरवले होते. हे कळेपर्यंत मीही 'अस्सल कागद' म्हटले की मान डोलावत असे. पुढे १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने जर्मन दफ्तरांतूनच पुरावे काढून आपल्या देशाच्या नेतृत्वावर मोठी जबाबदारी टाकली आणि घरच्यांचा रोष ओढवून घेतला. २०१२ मध्ये ख्रिस्तोफर क्लार्क यांनी 'द स्लीपवॉकर्स'मध्ये तीच जबाबदारी अनेक राजधान्यांत वाटून दिली. तुझे पुस्तक फिशर यांच्या वाटेने जाते, म्हणून तू आता क्लार्क यांचे घे. ते पटलेच पाहिजे असे नाही. युद्ध पेटण्याच्या तोंडावरचे, १९१४ च्या जुलैमधील तेच खलिते आणि त्याच तारा दोघे किती वेगळ्या वाचतात, तेवढे पाहा.

त्यानंतर बार्बरा टकमन यांचे १९६२ चे 'द गन्स ऑफ ऑगस्ट' वाच. ते इतके ओघवते आहे की वाचताना शंका घेण्याचे भान राहत नाही, आणि मला तुझी काळजी वाटते ती नेमकी अशाच पुस्तकांबाबत. तरी बाईंनी सर्बियाची आघाडी आपण वगळली आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. प्रस्तावना ओलांडून थेट पहिल्या प्रकरणावर उडी मारण्याची तुझी सवय आहे, ती सोड. पुस्तक निवडताना आधी प्रस्तावना, मग टिपा आणि मग सूची पाहावी, आणि लेखकाने कोणाची दफ्तरे पाहिली व कोणाची पाहिली नाहीत...

पाहा, मी पुन्हा वर्गात उभी राहिले. क्षमा कर.

तू आठ वर्षांचा असताना मी रात्री लढायांच्या गोष्टी वाचून दाखवत असे आणि तू दर पानाला मला थांबवून विचारत असस, "हे कोणी पाहिलं?" मी वैतागून म्हणे की झोप आता. बाबा मात्र दुसऱ्या दिवशी येईल त्याला ते कौतुकाने सांगत, आणि खरे सांगायचे तर मनातून मलाही तुझा फार अभिमान वाटे. तो प्रश्न विचारणारा मुलगा समासात 'बरोबर!' लिहू लागला, याची मला भीती वाटते. हे मी एकदाच सांगणार होते.

भीतीला कारणही आहे. मामा आणि मी दोन वर्षे एकमेकांशी बोललो नाही, ते अशाच एका पुस्तकापायी. तुला वाटते तसे जमिनीपायी नव्हे. त्याने ते अर्धेच वाचले होते आणि मी त्या पुस्तकाची उलट बाजू मांडणारे दुसरे वाचले होते, तेही अर्धेच. आजी गेली तेव्हा कुठे आम्ही बोललो.

तिसरे पुस्तक फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांचे, इतिहासकाराच्या कामाविषयीचे. दुसऱ्या महायुद्धात, आपल्या ग्रंथसंग्रहापासून दूर राहून त्यांनी ते लिहायला घेतले. १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या आणि अपुरे राहिलेले ते पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची सुरुवातच एका मुलाने इतिहासकार बापाला विचारलेल्या प्रश्नाने होते, त्यामुळे ते मला एका बैठकीत वाचवत नाही. तू सावकाश वाच. हवे तर सर्वांत आधी वाच.

तुझ्या पुस्तकाच्या मागच्या टिपा मी काल रात्रीपासून वाचू लागले आहे. जिथे तू दोनदा 'बरोबर!' लिहिले आहेस, त्या परिच्छेदाखालची टीप एकाच राजदूताच्या आठवणींवर आधारलेली आहे, आणि त्या त्याने युद्ध संपल्यावर लिहिल्या आहेत. पान दुमडून ठेवले आहे. मामालाही दाखवणार होते, पण आधी तू पाहा.

तुझी,
आई