माळवदावरची माती

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अनंत चतुर्दशीला गावी आले, तेव्हा आजीच्या मृत्यूची वाटणी पुन्हा एकदा झाली. बाबा म्हणाले, "निम्मा दोष भूकंपाचा, निम्मा माझा," आणि आईने लगेच स्वतःचाही हिस्सा मागितला. जमीन गुंठ्यागुंठ्याने वाटता येते, कारण मात्र तसे वाटता येते का, याचा विचार मी परतल्यापासून करते आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आपण अंगणात झोपलो होतो. आजीला पडसे होते म्हणून आईने तिला आत निजवले. आणि त्या आषाढात माळवदाचे सपाट मातीचे छप्पर गळू लागले म्हणून बाबांनी पाच पाट्या पांढरी माती वर टाकून धुमसाने चोपली होती. भूकंप नसता तर दगड-मातीच्या त्या रुंद भिंती उभ्याच राहिल्या असत्या, आणि घर हलके असते तर त्याच भूकंपात आजी बहुधा वाचली असती. मग निम्मे-निम्मे कसे? जात्याच्या वरच्या दगडाने किती पीठ दळले आणि खालच्याने किती, हे कोण सांगणार?

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, घटाच्या कारणांत माती, चाक आणि ते फिरवायचा दंड धरले, पण माती वाहून आणणाऱ्या गाढवाला 'अन्यथासिद्ध', म्हणजे हजर असले तरी कारण न धरण्याजोगे, म्हणून वगळले. त्यांनी कारणांचे प्रकार पाडले, टक्के लावले नाहीत. बाबा, रागावू नका, पण तुमच्या पाच पाट्यांचे स्थान मला त्या गाढवाजवळ दिसते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांचा थर तिथे आधीच होता. आईने आजीला आत निजवले, ते मात्र तसे वगळता येत नाही. आजी आत होती ती त्यामुळेच, हे लपवून मी तुमचे सांत्वन करणार नाही.

आजच्या तत्त्वज्ञांतही हा वाद आहे. अॅलेक्स कायझरमन कारणाला कमी-अधिक प्रमाण असते असे मानतात, तर कॅरोलिना सार्तोरिओ ते नाकारतात. मला सार्तोरिओंचे पटते. अपघाताच्या भरपाईत न्यायाधिकरण दोन चालकांत 70-30 अशी विभागणी करते, तेव्हाही ते प्रामुख्याने कोणाचा निष्काळजीपणा किती, हेच जोखत असते. टक्कर मात्र दोघांमुळे अख्खीच झालेली असते. म्हणजे आई पूर्णपणे कारण असूनही तिचा दोष शून्य असू शकतो.

दोषाला प्रमाण असते ते कोणाला काय ठाऊक होते आणि काय करता येण्यासारखे होते, यावरून. बाबांचा खरा प्रश्न इथेच आहे, हे मी जाणते: ऑक्टोबर 1992 मध्ये किल्लारीला धक्के बसलेच होते, मग आपण सावध का झालो नाही? पण बाबा, तेव्हा गाव काही रात्री बाहेर झोपले आणि थंडी वाढली तसे घरात परतले. जमीन हलते हे कळले होते. तीच भिंत पुढच्या वर्षी आजीवर कोसळेल, हे तुम्हाला कोणत्या खुणेवरून कळायला हवे होते? अशी एखादी खूण तुम्हाला खरोखर आठवत असेल, तर ती लिहा, मी तिच्याकडे डोळेझाक करणार नाही.

ढिगाऱ्यातून काढलेले ते धुमस नव्या घराच्या दाराआड अजून तसेच उभे आहे. दिवाळीला येईन, तेव्हा ते मी इकडे घेऊन येईन म्हणते. उत्तर बाबांनी स्वतःच्या हाताने लिहावे, आईकडे निरोप नको.

आपली लेक