सिस्टर, बाळ तुम्ही माझ्या मांडीवरच राहू दिलंत

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. माझी लेक आता अंगणभर धावते. तिच्यामागे पळताना मध्येच तुमची आठवण येते आणि घसा दाटतो, म्हणून लिहायला बसले.

तुमच्याआधी मी कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही. बाळ झोपलं तरी मला झोप नाही, घास गिळवत नाही, हे एका डॉक्टरांना सांगितलं होतं. त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "लोहाच्या गोळ्या घेताय ना?" घरी दृष्ट काढून झाली, देवाला कौल लावून झाला. "सोन्यासारखं लेकरू पदरात असताना रडतेस काय?" म्हणून मावशी रागावली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं वेळेवर होत होतं. येणारा प्रत्येक जण बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघून जायचा. घरच्यांना माया होतीच, त्यांच्यावर माझा राग नाही. त्या डॉक्टरांवरचा मात्र अजून गेलेला नाही. बाळंतपणानंतरचं रडू बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं, माझे दोन महिने होत आले होते. आपल्या गोव्यातल्याच एका जिल्हा इस्पितळातल्या बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली छापून आलाय. सहा-आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के जणींना नैराश्य होतं. इतक्या वर्षांनंतरही गोव्यातल्या डॉक्टरांनी हे ओळखू नये?

तुम्ही तर नुसती लसीची आठवण करायला आला होता. माझं तोंड बघितलंत, आईला चहा ठेवायला पाठवलंत आणि दार लोटून घेतलंत. "रात्री डोक्यात काय काय येतं गो?" जे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते मी बोलून गेले. श्रावणात काठोकाठ भरलेली परसातली विहीर, आणि बाळ माझ्याच हातून तिच्यात पडेल ही भीती. मागच्या दारी जाणंच मी सोडलं होतं. वाटलं, आता ही बाई बाळ माझ्याकडून काढून घेणार.

तुम्ही खाली जमिनीवर बसलात. बाळाची मान कलली होती, तिच्याखाली माझाच हात नीट सरकवून दिलात आणि बाळ माझ्या मांडीवरच राहू दिलंत. "असे विचार पुष्कळ आयांना येतात. आले म्हणून तू तसं करशील असं नव्हे." माझ्या स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारलंत. मग म्हणालात, "यावर औषध आहे. उद्या आपण दोघी जाऊ."

पुढे बांबोळीचं इस्पितळ, समुपदेशन, अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या, सगळं झालं आणि गुण आला. पण त्या घटकेला कुणीतरी माझ्यावर विश्वास टाकला, तो नसता तर मी बांबोळीच्या डॉक्टरांपर्यंत गेलेच नसते. पावसात निसरडी पाणंद तुडवत तुम्हाला अजून किती घरं करायची होती! माझ्याजवळ तासभर बसल्याची नोंद तुमच्या कुठल्या रजिस्टरात होणार होती? तरी बसलात. तुमच्यासारखी माणसं आमच्या वाड्यावर येतात, हे आमचं भाग्य आहे.

तुम्ही लिहून दिलेला टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ नंबर आईने स्वयंपाकघरात चिकटवलाय. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, हे ती शेजारणींनाही सांगते. वहिनीला आता सातवा लागलाय आणि तिची झोप उडालीय. हे गरोदरपणातही होतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. सोमवारी तिला घेऊन उपकेंद्रावर येते.

तुमची ऋणी,
वाड्यावरची लेक