एमपीव्ही वाढला म्हणजे डोळे गेले?

महोदय,
सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या रिपोर्टात प्लेटलेटच्या संख्येखाली ‘एमपीव्ही’ अशी ओळ असते. हा प्लेटलेटचा सरासरी आकार. मोठ्या प्लेटलेट गुठळी करायला जास्त तत्पर असतात, आणि मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्यांत हा आकडा सरासरीने जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. इथवर ठीक. पण हल्ली रिपोर्ट थेट फोनवर येतो. आकड्यापुढे ‘एच’ (म्हणजे ‘हाय’, जास्त) दिसला की घरभर घबराट, नसला की ‘डोळे ठणठणीत’ असा परस्पर निर्वाळा!

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काही तास पडून राहिले, तरी त्यातल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे प्लेटलेट फुगतात आणि आकडा चढतो. यंत्रागणिकही तो बदलतो. मग गावातून तालुक्याच्या लॅबपर्यंत दुचाकीवरून गेलेल्या नमुन्यावर किती विसंबायचे? लॅबने नमुना घेतल्याची आणि तपासल्याची, दोन्ही वेळा ठळक छापाव्यात.

टाइप २ मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच. नंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबत कुणीतरी न्यावे.

– एक वाचक, कराड