लाकूड फोडायची कुऱ्हाड निवडताना: आई-बाबांना पत्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही साडेतीन किलोच्या मॉलबद्दल, म्हणजे लाकूड फोडायच्या जड, घणासारख्या हत्याराबद्दल विचारलंत आणि आई, तुला कुऱ्हाडीत आणि मॉलमध्ये मुळात फरक काय ते हवं होतं. दोन्हींचं उत्तर एकत्रच लिहिते. निकाल आधी सांगते: तो मॉल घेऊ नका. सुमारे दोन किलोचं लोखंडी डोकं आणि पाऊण मीटरच्या आसपास दांडा असलेली, खास फोडण्यासाठी केलेली कुऱ्हाड घ्या. का, ते आता सविस्तर.

झाड तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं. लाकडाच्या रेषा आडव्या कापणं हे तिचं काम. तीच उभ्या ओंडक्यावर मारली तर खोल शिरते आणि तिथंच रुतून बसते, कारण पडलेली चीर फाकवायला पात्याला रुंदीच नसते. फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं धारेपासून नेढ्यापर्यंत, म्हणजे दांडा बसतो त्या भोकापर्यंत, भराभर जाड होत जातं. धार नुसती चीर पाडते, पुढचं सगळं काम तिचे फुगीर गाल करतात. मॉल म्हणजे हाच आकार आणखी बोथट आणि जड केलेला, अडीच ते साडेतीन किलोचा. त्याची मागची बाजू घणासारखी सपाट असते आणि लोखंडी पाचर ठोकायला वापरता येते. साध्या कुऱ्हाडीची मागची बाजू त्यासाठी नसते. तिथं ठोकाठोक केली की नेढ्याच्या पातळ भिंती फाकतात आणि डोकं सैल होतं. रुतलेल्या कुऱ्हाडीवर घण तर कधीच मारायचा नाही. कडक पोलादावर कडक पोलाद आपटलं की कपची उडते आणि ती गोळीच्या वेगानं डोळ्यात जाऊ शकते.

आता वजनाचं. जड हत्यार म्हणजे जास्त जोर, हे अर्धंच खरं आहे. वेग तोच ठेवून वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते, पण वजन तेच ठेवून वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. साडेतीन किलोचं डोकं दमलेल्या हातानं उचललं की ते स्वतःच्या वजनानं खाली पडतं, त्यात वेग भरता येत नाही आणि नेमही चुकतो. शिवाय प्रत्येक घावाआधी ते वर न्यावं लागतं. शंभर घावांत दोन किलोच्या तुलनेत दीडशे किलो जास्तीचं वजन खांद्यांनी उचललेलं असतं. बाबांच्या खांद्याचा विचार करता माझ्यासाठी हा मुद्दा इथंच संपतो. हत्यार पहिल्या घावाला कसं वाटतं यावर निवडू नका, तासाभरानंतर त्याच नेमानं चालवता येईल का यावर निवडा. दुकानात ते दोन्ही हातांनी दांड्याच्या टोकाशी धरा आणि सावकाश दहा वेळा खांद्याच्या उंचीपर्यंत न्या. मनगट थरथरलं तर हलकं पाहा. आणि लेबलवर लिहिलेलं वजन नुसत्या डोक्याचं की दांड्यासकट, हे विचाराच. दोन्ही पद्धती चालतात आणि त्यावरून फार गोंधळ होतो.

दांडा 70 सेंटिमीटरपेक्षा आखूड नको. आखूड दांडा सोपा वाटतो, पण धोका त्यातच जास्त. घाव चुकला की लांब दांड्याची कुऱ्हाड जमिनीत किंवा ठोकळ्यात जाते, आखूड दांड्याची वळून नडगीकडे किंवा पावलाकडे येते. 90 सेंटिमीटरचा दांडा जास्त वेग देतो, मात्र तो उंच माणसाला शोभतो आणि नेम धरायला अवघड असतो. फिस्कार्स या कंपनीच्या फोडायच्या कुऱ्हाडींत एक्स 25 चा दांडा 71 सेंटिमीटर आणि एक्स 27 चा 91 सेंटिमीटर आहे. त्यातली मी तुम्हाला पहिलीच सुचवीन.

लाकडी दांडा घेतलात तर दोन गोष्टी बारकाईनं बघा. लाकडाच्या रेषा टोकापासून टोकापर्यंत दांड्याबरोबर सरळ जायला हव्यात. मध्येच तिरप्या होऊन बाजूला बाहेर पडत असतील तर दांडा नेमका तिथंच मोडतो. मग तळाशी पाहा: तिथल्या रेषा पात्याच्या दिशेशी समांतर असाव्यात, आडव्या नसाव्यात. ॲश आणि हिकरी ही लाकडं चिवट आणि धक्का शोषणारी, म्हणून दांड्यासाठी नावाजलेली. वरून चकचकीत व्हार्निश असेल तर हात घसरतो आणि फोडही येतात. ते खरवडून जवसाचं तेल चोळलेलं बरं. फायबरचा दांडा कुजत नाही, वाळून सैल होत नाही, चुकीचा घाव सहन करतो. फक्त तो कधी मोडला तर बदलणं कठीण, बहुतेक वेळा अख्खी कुऱ्हाडच नवी घ्यावी लागते. तुम्हाला दांडे बसवत बसायचं नाही, म्हणून माझा कौल फायबरला.

पण हत्यारापेक्षा जास्त फरक ओंडक्याच्या लांबीनं पडतो, आणि याकडे कुणी फारसं बघत नाही. 45 सेंटिमीटरचा ओंडका दोन किलोच्या कुऱ्हाडीला दाद देणार नाही, तोच 30 सेंटिमीटरवर करवतून घेतला तर एका-दोन घावांत उघडेल. लाकूड कापून देणाऱ्याला लांबी आधीच सांगून ठेवा. बरीच सरळ रेषांची लाकडं ताजी, ओलसर असताना सहज फुटतात आणि वाळली की हट्टी होतात, म्हणून आणल्या आणल्या फोडून मग रचून वाळवायची. फोडलेलं लाकूड वाळतंही लवकर. जळायला त्यातली ओल 20 टक्क्यांच्या खाली यावी लागते. त्याला निदान सहा महिने आणि जाड कठीण लाकडाला वर्षभर किंवा जास्त धरा.

फोडायला ठोकळा हवाच. जमिनीवर ठेवून मारलं तर माती जोर खाते आणि खडा लागून धार तुटते. गाठीगाठींचा, स्वतः फुटायला नको म्हणणारा, 40 सेंटिमीटर रुंदीचा बुंधा घ्या आणि उंची गुडघ्याच्या थोडी खाली ठेवा. जास्त उंच ठोकळ्यावर कुऱ्हाडीला वेग येण्याआधीच घाव बसतो, फार बुटक्यावर कंबर वाकते आणि पातं पायाकडे येतं. ओंडका ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवायचा, म्हणजे चुकलेला घाव ठोकळ्यात जिरतो. आई, तुझ्या कंबरेसाठी एक युक्ती: ठोकळ्यावर मोटारीचा जुना टायर स्क्रूनं पक्का करा आणि ओंडका त्याच्या मधल्या पोकळीत उभा करा. फुटलेले तुकडे आत उभेच राहतात, प्रत्येक वेळी वाकून उचलावे लागत नाहीत, आणि ढलपी उडून पायावर येत नाही.

घाव मारताना एक हात दांड्याच्या टोकाशी पक्का, दुसरा कुऱ्हाडीच्या डोक्याजवळ. कुऱ्हाड खाली येताना हा वरचा हात घसरत पहिल्यापाशी यायला हवा. पाय खांद्यांइतके फाकलेले, दोन्ही समोर. शेवटच्या क्षणी गुडघे वाकवून बसल्यासारखं करायचं. त्यानं पातं गोलाकार आपल्याकडे न येता सरळ खाली जातं. हा एक बदल नीट अंगवळणी पाडा, बाबा, बाकी सगळं नंतर जमलं तरी चालेल. नजर कुऱ्हाडीवर नको, जिथं मारायचं त्या जागेवर. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना भेगा पडलेल्या असतात, त्यांतली एखादी धरून मारा. जाड ओंडक्याच्या मध्यावर घाव घालू नका. मध्यभाग चारी बाजूंनी आवळलेला असतो, म्हणून आपल्याकडच्या कडेपासून एकेक फाळका काढत आत जायचं. गाठ असेल तर ती खाली राहील असा ओंडका उलटा करा आणि घावाची रेघ तिच्यावरून जाऊ देऊ नका.

कुऱ्हाड रुतलीच तर दांडा वर-खाली हलवून काढा. डावी-उजवीकडे पिरगाळला तर नेढ्यापाशीच मोडतो. पिळदार, न फुटणाऱ्या ओंडक्यांपुढे हट्ट नको. दोन पोलादी पाचरी आणि दोन-अडीच किलोचा घण ठेवा, छोटे छोटे घाव घालत पाचर उतरवा. यात घाई नसते, म्हणून दमही लागत नाही. पाचरीचा माथा छत्रीसारखा पसरला की त्याच्या कडा घासून काढायच्या, नाहीतर त्याही तुटून उडतात. डोळ्यांना सुरक्षेचा चष्मा आणि पुढून कडक बूट हे दर वेळी, दहाच लाकडं असली तरी. दुसरं माणूस चार-पाच मीटर लांब.

चुलीत घालायच्या बारीक काटक्यांसाठी छोटी कुऱ्हाड एका हातात आणि लाकूड दुसऱ्या हातात, हे आई, अजिबात नको. लोखंडी कड्याच्या मधोमध उभं पातं बसवलेलं साधन मिळतं. लाकूड वरून त्या पात्यावर ठेवायचं आणि हातोडीनं ठोकायचं. पातं हलतच नाही, त्यामुळे बोटं वाचतात. न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीनं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ते तयार केलं होतं.

धार वस्तऱ्यासारखी नको. सुमारे 30 अंशांची, अंगठा आडवा फिरवला तर खरबरीत लागेल एवढी पुरते. फारच बोथट पातं ओंडक्यावरून उसळतं, म्हणून अधूनमधून कानस फिरवा. विजेच्या चाकावर धरू नका. पातं निळसर झालं की पोलादाचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही.

लाकडी दांड्यावरचं डोकं सैल झालं तर ते पाण्यात भिजत ठेवायला कुणीही सांगेल. करू नका. दांडा फुगून लोखंडावर दाबला जातो, लाकडाचे धागे चिरडतात आणि वाळल्यावर डोकं आधीपेक्षा जास्त हलतं. त्याऐवजी कुऱ्हाड डोकं खाली करून उभी धरा आणि दांड्याच्या तळावर लाकडी हातोडीनं ठोका. दांडा नेढ्यात आणखी आत जातो. मग वरून नवी पाचर मारा. हलणाऱ्या डोक्यानं एकही घाव मारायचा नाही.

दांड्याला तेल लावलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळं पसरून पूर्ण वाळू द्या, मगच टाका.

बाबा, एखादी कुऱ्हाड पसंत पडली की घेण्याआधी मला तिचे दोन फोटो पाठवा: एक दांड्याच्या तळाचा आणि एक पातं समोरून दिसेल असा. रेषा आणि पात्याची जाडी बघून लगेच कळवते.

तुमची लेक